भांडे रिकामे परत जात नाही : शेजारधर्माचे एक प्रकरण

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या एका गावात डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात एका विधवा शेतकरी बाईंच्या आसपासच्या घरांनी त्यांना जी मदत केली, जी करायची राहून गेली आणि जी चुकीच्या रीतीने केली, त्या सर्वांची ही नोंद आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरते त्यांना मी येथे वहिनी असेच म्हटले आहे, कारण गेली पंचवीस वर्षे मी त्यांना तसेच म्हणत आलो आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे आणि त्यांच्या घरासमोरच राहतो. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या काहींत माझा हात आहे. लिहून झाल्यावर हा मजकूर मी वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी एक वाक्य गाळायला सांगितले, ते गाळले आहे.

पार्श्वभूमी

वहिनींचे वय तेव्हा ६८ होते. मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो आणि मुलगी लग्न होऊन संगमनेरकडे गेली आहे. गावी नवराबायको दोघेच होते. सव्वा एकर जमीन, तीन चुलत घरांत सामाईक असलेली विहीर, तिच्यावरची एकच मोटार आणि ठरलेल्या पाण्याच्या पाळ्या, असा त्यांचा संसार होता. त्या वर्षी त्यांनी तीस गुंठ्यांत उन्हाळी कांदा लावला होता आणि बांधालगतच्या दोन गुंठ्यांत बियाण्यासाठी डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, धरले होते. कांद्याचे बी, ज्याला आमच्याकडे उळे म्हणतात, ते वहिनी दर वर्षी घरीच करतात. हे बी वर्षभरापेक्षा जास्त टिकत नाही, त्याची उगवण झपाट्याने कमी होते. म्हणून ज्यांना घरचे उळे हवे असते त्यांना डेंगळे दर वर्षी धरावेच लागतात.

या भागातील रात्रीच्या पाण्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाल्यावर येथे पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या आडोशाने बिबट्या वस्तीला आला. शेतीपंपांची थ्री-फेज वीज तेव्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळत असे. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोड चालू असते, बिबट्यांचे लपण मोडते आणि नेमक्या त्याच दिवसांत कांद्याला रात्री पाणी द्यायला जावे लागते. एकट्या माणसाने रात्री शेतात जायचे नाही, ही आमच्याकडची सर्वमान्य रीत आहे. दोघे असले तर एकाने दारे धरायची, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायचे, आणि दुसऱ्याने उजेड धरून बोलत राहायचे. वहिनींचे यजमान दारे धरत आणि वहिनी स्वतः कंदील, पुढे विजेरी घेऊन बांधावर उभ्या राहत. चाळीस वर्षे हेच चालले होते.

डिसेंबर २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात, कांद्याची लागण होऊन बारा दिवस झाले असताना, त्यांच्या यजमानांना पहाटे हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेण्याआधीच ते गेले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या घरांतून पिठले-भाकरी येते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पहिले दहा दिवस वहिनींच्या ओट्यावर इतके डबे आले की अन्न गाईगुरांना घालावे लागले. ग्रामपंचायतीतला एक तरुण स्वतःहून घरी आला आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते हे सांगून कागद घेऊन गेला. सातबाऱ्यावर वारस नोंद लावण्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावे लागते, ही आठवणही त्यानेच मुलाला करून दिली. या मुलाने दोन फेऱ्या मारल्या आणि चहासुद्धा घेतला नाही. सगळ्या प्रकरणात सर्वांत चोख मदत त्याचीच झाली असे मला वाटते, कारण त्याने नेमके तेवढेच केले जे घरच्यांना सुचणे शक्य नव्हते.

अडचण

दशक्रिया झाली, तेरावा झाला, मुलगा आणि मुलगी आपापल्या घरी गेली. चौदाव्या दिवशी ओट्यावर एकच डबा होता, आमच्या घरचा. नंतर आणखी तीन घरांनी आठवणीने डबे सुरू ठेवले. आठवडाभर ते वहिनींनी घेतले. मग एके दिवशी त्यांनी आमच्या सुनेला दारातूनच सांगितले की उद्यापासून आणू नकोस. दुसऱ्या एका घरचा डबा त्यांनी न उघडताच परत पाठवला. त्या घरच्या बाईंना ते फार लागले आणि "दुःखात माणूस असा वागतो का" असे त्या चारचौघींत बोलल्या.

पाण्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. सुतकाच्या दिवसांत, साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास, वहिनींच्या कांद्याची एक पाळी आली होती आणि त्या रात्री कोणीतरी पाणी दिलेले होते. आम्हा प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने दिले असेल आणि कोणीच विचारले नाही. पुढची पाळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा रात्रीच्या विजेत आली. मुलाने फोनवरून एक मजूर ठरवला होता. तो मजूर रात्री एकटा जायला तयार झाला नाही आणि त्याने तसे कळवलेही नाही. आम्ही शेजारी मात्र मागच्या वेळी पाणी दिले गेले होते म्हणून निर्धास्त होतो. पाळी चुकली. चार-पाच दिवसांनी ठाकर वस्तीतील एक बाई, ज्या वीस वर्षे वहिनींबरोबर त्याच रानात लागण आणि खुरपणी करत आल्या आहेत, मला शाळेच्या कोपऱ्यावर थांबवून म्हणाल्या, "गुरुजी, वहिनींचा कांदा पिवळा पडलाय. तुम्ही एवढी मानसं, कुनाला दिसलं न्हाई का?"

आम्हाला दिसले नव्हते, हे खरे आहे. मी त्याच रस्त्याने रोज सकाळी फिरायला जातो.

दहाव्या दिवसाचे ते पाणी कोणी दिले होते, हे वहिनींना आमच्या आधी कळले. त्या महिन्याभराने पहिल्यांदा रानात गेल्या तेव्हा त्यांनी वाफ्यांची तोंडे पाहिली. दारे धरणारा माणूस एका वाफ्याचे तोंड चिखलाने बंद करून दुसऱ्याचे उघडतो. फावड्याचा वार आणि चिखलाचा ढेकूळ कोणत्या बाजूला पडतो ते त्याच्या हातावर अवलंबून असते. येथे सगळे ढेकूळ उलट्या बाजूला पडून वाळलेले होते. आमच्या आळीत डावखुरा माणूस एकच आहे आणि तो वहिनींचा चुलत दीर आहे. बांधाच्या वादावरून या दोन घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. त्याने भावाला खांदा दिला होता, पण घरात पाऊल टाकले नव्हते.

मग दुसऱ्या पाळीला तो का गेला नाही, हे मी पुढे त्याला विचारले. त्याचे उत्तर शहरात वाढलेल्या वाचकाला कदाचित विचित्र वाटेल, पण भावकी जाणणाऱ्याला ते लगेच पटेल. वारस नोंद अजून लागलेली नव्हती, बांधाचा वाद उभा होता, आणि अशा वेळी दुसऱ्याच्या रानात वारंवार दिसणारा माणूस वहिवाट, म्हणजे जमिनीवरचा आपला ताबा, दाखवतो आहे असा अर्थ निघतो. सुतकात एकदा गेलो ते माणुसकीचे होते, पुन्हा गेलो असतो तर मुलाच्या मनात शंका आली असती, असे तो म्हणाला. म्हणजे मदत करण्याची इच्छा, ताकद आणि पाणी हे तिन्ही ज्याच्याजवळ होते, तोच माणूस लोक काय अर्थ काढतील या भीतीने मागे राहिला होता.

समोर असलेले पर्याय

मुलाने आईला चाकणला नेण्याची तयारी दाखवली होती आणि ती मनापासून होती. वहिनी नाही म्हणाल्या. उभे पीक सोडून जाणे हे एक कारण होते. दोन खोल्यांच्या घरात मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपणार आणि आपण दिवसभर आवाज न करता बसायचे, हे दुसरे कारण त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले.

रान निम्म्या वाट्याने कोणाला तरी द्यावे, असा दुसरा मार्ग होता. व्यवहाराच्या दृष्टीने तो वाईट नव्हता. पण लागण, खत आणि रोपांचा सगळा खर्च वहिनींचा झालेला असताना केवळ पाण्यासाठी अर्धे पीक देणे अन्यायाचे झाले असते, आणि वाट्याने करणारा डेंगळे राखील याची खात्री नव्हती. निराधारांसाठीच्या सरकारी अर्थसाहाय्याचाही विचार झाला. त्याची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयांची असल्यामुळे आणि मुलगा नोकरीत असल्यामुळे तो विषय लगेच संपला.

गावातल्या तरुणांनी वर्गणीचा मार्ग सुचवला आणि तो सर्वांना सोपा वाटला, मलाही.

उरलेला मार्ग म्हणजे कामाची वाटणी. आमच्याकडे इर्जिक आणि सावड या एकमेकांच्या रानात मिळून काम करण्याच्या रीती नावाने तरी सर्वांना ठाऊक आहेत. तालुक्याच्या पश्चिमेला, आदिवासी पट्ट्यात, भातखाचरे तयार करण्यासाठी पडकई आजही ओळखीची आहे. त्यामुळे "आपण सावड करू" असे कोणीतरी म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. परंतु सावडीचा पाया बरोबरीचा असतो हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या. आज तुझा एक दिवस, उद्या माझा एक दिवस. हिशेब कोणी लिहीत नाही, पण विसरतही कोणी नाही. ज्या घरात आता दिवस फेडायला माणूसच उरलेला नाही, त्या घराशी सावड करणे म्हणजे त्याला कायमचे देणेकरी करणे होते. वहिनींना हे आमच्या आधी समजले होते आणि डबे परत येण्याचे मूळही तेथेच होते.

काय केले

ठाकर वस्तीतल्या बाईंनी सांगितले त्याच संध्याकाळी आम्ही पाच घरांतले लोक माझ्या ओट्यावर बसलो. मी जुन्या सवयीने पाटीवर हिशेब मांडला. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पाण्याच्या सात पाळ्या उरत होत्या, त्यांतल्या चार किंवा पाच रात्रीच्या आल्या असत्या. एका रात्री दोन माणसे धरली तरी एकूण दहा माणसांची एकेक रात्र, आणि आमच्या पाच घरांत हिंडतीफिरती अशी नेमकी दहा माणसे होती. अख्ख्या हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला एकच रात्र येत होती. पाटीकडे पाहून काही वेळ कोणी बोलले नाही. ज्या कामाचे ओझे वाटून आम्ही तीन आठवडे ते मनातल्या मनात एकमेकांवर ढकलले होते, ते एवढेच होते.

चुलत दिराला यात घ्यावे की नाही, यावर मतभेद झाले. तिघांचे म्हणणे होते की भावकीच्या भांडणात हात घालू नये. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एकटाच गेलो. यादीत नाव घालायला त्याने नकार दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पाळी माझी त्यांच्या आधी असती. माझं भरनं लवकर उरकंल. मोटार मी बंद करनार न्हाई." विहिरीवर मोटार एकच होती, तो आपल्या वाट्याची वीज आणि पाणी तास-दीड तास आधीच सोडून देणार होता आणि ते कोणाला सांगणार नव्हता. हंगामभर त्याने ते पाळले.

त्याच सुमारास आमच्या हातून मोठी चूक झाली. तरुणांनी वर्गणी काढून ११,३०० रुपये जमवले आणि २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर, शाळेच्या पटांगणात, सर्वांसमोर वहिनींना बोलावून पाकीट दिले. फोटो काढला गेला आणि दुपारपर्यंत तो गावच्या व्हॉट्सअॅप गटावर होता. त्या फोटोत वहिनींच्या उजव्या हाताला मी उभा आहे आणि माझा हात पाकिटाला लागलेला आहे. मुलांचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही, पण मला वय होते आणि मी थांबवायला हवे होते. चाकणला मुलाने तो फोटो कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत पाहिला, आणि आपण आईला सांभाळत नाही असे गावाने जाहीर केले, असा अर्थ त्याने काढला. संध्याकाळी वहिनी पाकीट घेऊन आमच्या घरी आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ज्यांनी दिलं त्यांची नावं मला सांगा. कुनाला काय परत करायचं ते मला ठाऊक पायजे." पाकिटावर नावे नव्हती, रक्कम ढोबळ गोळा केलेली होती. फेडता न येणारी मदत त्यांच्या पदरात टाकली गेली होती.

त्या रात्री माझ्या पत्नीने मला एक गोष्ट सांगितली, जी तिला पंधरा दिवसांपासून खटकत होती. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत आपल्याकडे प्रत्येक घर पाळते. सुरुवातीला आमचा डबा घासून परत यायचा तेव्हा त्यात मूठभर शेंगदाणे असत, मग गुळाचा खडा, मग चिमूटभर साखर. शेवटच्या दिवशी डब्यात कढीपत्त्याच्या चार काड्या होत्या, आणि त्यानंतर वहिनींनी डबा नको म्हणून सांगितले. घरात पैसे नव्हते असे नाही. पण किराणा आणायला बाजाराला जाणारा माणूस गेला होता आणि त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. चार घरांचे डबे रोज येत होते आणि चार भांडी भरून परत पाठवण्याचा भार त्यांच्यावर पडत होता. आम्ही ज्याला मदत समजत होतो, त्याचे त्यांच्यासाठी रोजचे देणे झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या. माझी पत्नी डबा न नेता रिकाम्या हाताने गेली आणि "मला यंदा कुरडयांचा चीक शिकवा, दर वर्षी माझा बिघडतो" असे म्हणाली, जे खरेच होते. त्यातून फेब्रुवारी-मार्चचे वाळवण वहिनींच्या गच्चीवर झाले. आळीतल्या सहा घरांच्या कुरडया आणि पापड तेथे वाळले आणि दुपारचे जेवण सगळ्याजणींनी तेथेच मिळून केले. किराण्याची यादी दर मंगळवारी पलीकडच्या घरातला मुलगा घेऊ लागला आणि पैसे वहिनीच देऊ लागल्या. पाकिटातल्या रकमेविषयी वहिनींनी स्वतःच तोडगा सांगितला: रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी दोन चांगल्या विजेऱ्या घ्या आणि उरलेले पैसे तरुणांच्या मंडळाला ठेवा. विजेऱ्या त्यांच्या घरी चार्ज होऊन ओट्याच्या खुंटीला टांगलेल्या राहू लागल्या. आळीतले कोणीही, स्वतःच्या रानासाठी असो की वहिनींच्या, रात्री निघताना तेथून विजेरी घेई आणि परत आणून टांगे. कोण गेले आणि कोण अजून आले नाही हे वहिनींना कळू लागले. एका रात्री उशीर झाला म्हणून त्यांनीच दोन घरे उठवली होती. मोटारीचा फ्यूज गेला होता, बाकी काही नव्हते.

डेंगळ्यांच्या बाबतीतही एक लहानशी गोष्ट झाली, जी मला सर्वांत जास्त आवडते. फेब्रुवारीत डेंगळे फुलावर आले. कांद्याच्या फुलांत बी धरायला मधमाश्या लागतात आणि शेजारच्या रानात त्याच वेळी फुलकिड्यांसाठी फवारणी चालू होती. त्या शेतकऱ्याने कोणी न सांगता आपली फवारणी सकाळऐवजी संध्याकाळी, माश्या परत गेल्यावर, करायला सुरुवात केली. त्याला त्यासाठी अंधार पडेपर्यंत रानात थांबावे लागे. मी त्याचे कौतुक केले तेव्हा तो म्हणाला की त्यांचे उळे चांगले येते, मला पुढच्या साली हवे आहे. मला हे उत्तर अतिशय प्रामाणिक वाटले आणि वहिनींना ते सांगितल्यावर त्या कित्येक दिवसांनी मोकळेपणाने हसल्या.

परिणाम

एप्रिलच्या सुरुवातीला कांदा काढला. एक पाळी चुकल्यामुळे मधल्या चार-पाच वाफ्यांत माल बारीक राहिला, तरीही सुमारे साठ क्विंटल कांदा निघाला. त्या वर्षी वसंतात भाव पडलेले होते, दहा किलोला शंभर रुपयेसुद्धा मिळणे अवघड होते, त्यामुळे साठवणे भाग होते. वहिनींच्या बराखीचे, म्हणजे कांदा साठवण्याच्या चाळीचे, छप्पर मार्चच्या वादळी वाऱ्यात उडाले होते. आम्ही जागेची शोधाशोध करत असतानाच वहिनी एका सकाळी चुलत दिराच्या अंगणात गेल्या आणि उभ्यानेच विचारले, "बराखीत जागा हाये का?" अकरा वर्षांतले ते पहिले वाक्य होते. त्याने हो म्हटले. पाण्याविषयी, वाफ्यांच्या तोंडांविषयी दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही.

निम्मा कांदा ऑगस्टच्या सुरुवातीला आळेफाट्याच्या बाजारात गेला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा उरलेल्या मालाची आम्हाला काळजी वाटली, पण ऑक्टोबरच्या अखेरीस भाव चढले आणि तो बऱ्यापैकी गेला. सड आणि घट वजा जाता खर्च निघून वर्षाची सोय झाली. वारस नोंद मुदतीत लागली.

त्याच ऑक्टोबरमध्ये, रोपे टाकण्याच्या दिवसांत, वहिनींनी पत्र्याचा डबा उघडला. राखेत घोळवून ठेवलेले उळे अकरा-बारा किलो भरले. स्वतःपुरते तीन किलो ठेवून बाकीच्याच्या त्यांनी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत पुरचुंड्या बांधल्या आणि स्वतः घरोघर जाऊन दिल्या. एक संध्याकाळी फवारणाऱ्याला, एक ठाकर वस्तीतल्या बाईंना, एक विहिरीवरच्या चुलत घराला. आमच्याकडे कांदा नसतो, आमची जमीन कमी आहे, तरी एक पुरचुंडी आम्हालाही मिळाली. माझ्या पत्नीने ती आमच्या परसात टाकली.

सगळे जुळून आले असे मात्र म्हणता येणार नाही. बांधाचा वाद आजही तसाच आहे. ज्या बाईंचा डबा परत गेला होता त्यांचे मन अजून पूर्ण साफ झालेले नाही. पाच घरांतल्या एकाने दुसऱ्याच पाळीनंतर अंग काढून घेतले आणि त्याची रात्र दोघा सख्ख्या भावांवर पडली. ती त्यांनी कुरकुर न करता केली, पण ती त्यांच्या लक्षात आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक मी वर मुद्दाम सांगितली नाही, कारण तिला स्वतंत्र जागा हवी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी न्हाणीजवळ चक्कर येऊन पडल्या. गावच्या आशाताई नेहमीच्या फेरीवर आल्या होत्या म्हणून त्या लगेच दिसल्या. आळीतल्या एका पिकअपमधून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रक्तदाबाच्या गोळ्या संपून सव्वा महिना झाला होता. दर महिन्याला त्या गोळ्या यजमान आणत असत. आम्ही जेवणाची चौकशी केली, पाण्याची केली, कागदांची केली. गेलेला माणूस घरात नेमकी कोणकोणती कामे करत होता, हा एक साधा प्रश्न तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी बसून विचारला असता तर किराणा आणि गोळ्या या दोन्ही गोष्टी तेव्हाच कळल्या असत्या. आता गोळ्यांची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिलेली असते आणि किराणा नेणारा मुलगा ती पाहून जातो.

दुसरी गोष्ट डब्यांची. पहिल्या दहा दिवसांत सगळ्यांनी एकदम धावायला नको होते. त्या दिवसांत घर नातेवाइकांनी भरलेले असते. पाच घरांनी तेव्हाच ठरवून घेतले असते की तेराव्यापर्यंत दोघांनी आणि नंतर तिघांनी पाहायचे, तर चौदावा दिवस इतका रिकामा गेला नसता. भांडी कशी परत येतात याकडेही घरातल्या पुरुषांनी लक्ष द्यायला हवे होते. ते फक्त बायकांच्या नजरेला पडले आणि त्यांनाही आम्ही वेळेवर विचारले नाही. रात्रीच्या पाण्याचा हिशेब पाटीवर मांडला गेला, पण डबे कोणाच्या सुनेने किती दिवस केले याचा हिशेब कोणी मांडला नाही. आमच्या सुनेने तो मला मे महिन्यात, विचारल्यावर, सांगितला: एकूण एकवीस डबे.

तिसरी गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, पण ती टाळणे बरोबर होणार नाही. पाच घरे मोजताना आम्ही आमच्याच आळीतली मोजली. पीक सुकते आहे हे ज्यांनी सर्वांत आधी पाहिले, ज्या वहिनींबरोबर वीस वर्षे एकाच वाफ्यात वाकल्या, त्या ठाकर वस्तीतल्या बाईंना त्या संध्याकाळी ओट्यावर कोणी बोलावले नाही. त्या मात्र पुढचे दोन महिने रोज सकाळी कामाला जाता जाता वहिनींच्या दारावर थाप मारून, आतून आवाज आला की पुढे जात होत्या. हे मला वहिनींकडून एप्रिलमध्ये कळले.

चुलत दिराच्या बाबतीत मुलाशी आधी बोलायला हवे होते. एक फोन केला असता आणि "काका पाणी देतील, त्यात वहिवाटीचा प्रश्न नाही" एवढे त्याच्या तोंडून वदवून घेतले असते, तर दुसरी पाळी चुकली नसती आणि झेंडावंदनाच्या दिवशीचा गैरसमजही कदाचित टळला असता. मदत घेणाऱ्या बाईंना आणि देणाऱ्या घरांना आम्ही विचारात घेतले, परंतु लांब राहणाऱ्या मुलाला या सगळ्यात आपली जागा कोठे आहे हे समजत नव्हते. तो आता दर पंधरा दिवसांनी येतो आणि आल्यावर रात्रीच्या पाण्याला ज्याची पाळी असेल त्याच्याबरोबर, रान कोणाचेही असो, विजेरी घेऊन जातो.

यंदाच्या पाळ्यांची यादी पाटीवर लिहायला घेतली तेव्हा पहिले नाव कोणाचे घालायचे हे मी वहिनींना विचारले. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. दारे धरता येणार नाहीत, पण कोणाच्याही रानावर उजेड धरून बोलत उभे राहता येईल, असे त्या म्हणाल्या. मी ते नाव तसेच लिहिले आहे आणि त्याखाली, त्यांना विचारून, ठाकर वस्तीतल्या बाईंचे.